नाण्यातली चूक टाकसाळीतली की नंतरची? धातू कुठे गेला ते बघा

तुमचा प्रश्न आधी परत मांडतो, म्हणजे मध्येच वाचायला लागलेल्यांनाही कळेल. आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात तीन नाणी सापडली. एक दोन रुपयांचं, अकरा कोपऱ्यांचं, ज्याच्या सिंहवाल्या बाजूवर उलटी अक्षरं रुतलेली दिसतायत. दुसरा स्टीलचा रुपया, कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडाच नाही. तिसरं २०१४ चं दहाचं, त्याचा मधला पांढरा भाग हललेला. यूट्यूबवाला म्हणतो लाखो मिळतील, दुकानदाराने डॅमेज म्हणून बाजूला सारलं, आणि तुम्हाला कळत नाहीये की कोण खरं बोलतंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिलं नाणं बिघडवलेलं आहे, बहुतेक मुद्दाम. दुसरं खरं असू शकतं, तेव्हा ते जपून ठेवा. तिसऱ्याचं फोटोवरून सांगता येत नाही, पण तुमचं तुम्हालाच दोन मिनिटांत कळेल, कसं ते खाली लिहितो. आणि लाखो वगैरे विसरा.

माझी ओळख एवढीच की एकतीस वर्षं पिंपरीकडे प्रेस शॉपमध्ये डाय बनवल्या (डाय म्हणजे धातूवर आकार किंवा छाप उठवणारा पोलादी ठसा), नाणी जमवायचा नाद त्याच्याही आधीचा. हे सांगायचं कारण म्हणजे नाणं हा शेवटी एक प्रेस पार्टच आहे हो. धातूच्या पट्टीतून गोल चकती कापायची, ती भट्टीत घालून मऊ करायची, धुवायची, मशिनमधून फिरवून तिची कड थोडी उचलायची, मग दोन डायच्या मध्ये ठेवून ठोका. ठोक्याच्या वेळी चकतीभोवती एक कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात, धातू बाहेर पसरू नये म्हणून. म्हणून तर एकाच प्रकारची हजार नाणी घ्या, व्यास सगळ्यांचा सारखाच.

तर खरी चूक झाली तर ती एकतर चकतीत झालेली असते, नाहीतर डायमध्ये, नाहीतर ठोक्याच्या क्षणी. चौथी जागा नाही. लोक नाणं हातात घेऊन विचारतात "हे दुर्मिळ आहे का", मी विचारतो की हे नेमकं कुठल्या पायरीला झालं असेल ते मला सांग. पायरी सापडली नाही तर ते टाकसाळीच्या दाराबाहेर झालंय असं धरायचं. आणि पायरी शोधायची युक्ती साधी आहे, धातू गायब होत नाही. दबला असेल तर कुठेतरी सरकला असेल, कमी असेल तर वजनात दिसेल. तो कुठे गेला ते बघायचं.

आता तुमचं दोन रुपयांचं. बाजारात ज्याला लखी म्हणतात, म्हणजे ब्रोकेज, ते हेच असावं असं तुम्हाला वाटतंय. लखी कसं होतं ते बघा. आधी ठोकलेलं नाणं बाहेर पडायच्या ऐवजी एका डायला चिकटून बसतं, तेवढ्यात पुढची कोरी चकती आत येते आणि ठोका बसतो. त्या चकतीच्या एका बाजूला डायचा नेहमीचा छाप उठतो, दुसऱ्या बाजूला डाय पोचतच नाही, मध्ये ते चिकटलेलं नाणं असतं ना, मग त्या नाण्याची जी बाजू उघडी असते तिचाच उलटा आणि खोलगट ठसा उमटतो. म्हणजे पुढे सिंह तर पाठीमागेही सिंहच, फक्त आरशातला आणि आत गेलेला. नकाशा, झेंडा, साल यातलं काही त्या नाण्यावर दिसायलाच नको, कारण ती डाय या चकतीला शिवलेलीच नाही.

तुमच्या फोटोत काय आहे? सिंह सरळ, उठावदार, आणि त्याच्याच अंगावर "राष्ट्रीय एकता" उलटं रुतलेलं. पाठीमागे नकाशाही जागेवर आहे, जरा चपटा झालेला. म्हणजे नाणं आधी नीट पूर्ण ठोकलं गेलं, मग कोणीतरी त्याच्या सिंहावर दुसऱ्या दोन रुपयांची नकाशाची बाजू ठेवून व्हाइसमध्ये, म्हणजे स्क्रूने आवळायच्या शिकंज्यात, आवळलं. मागचा नकाशा चपटा का झाला, तर तो व्हाइसच्या जबड्याला टेकलेला होता. सगळा हिशोब जुळतो की नाही?

इथे कोणीतरी जाणकार म्हणेल की काका, हा डाय क्लॅश पण असू शकतो, म्हणजे मध्ये चकती नसताना दोन डाय एकमेकींवर आपटल्या आणि एकीचा ठसा दुसरीवर उठला. बरोबर शंका आहे. पण क्लॅशची सावली नेहमी मोकळ्या सपाट जागेत येते, उंच भागावर कधीच नाही. का, तर नाण्यावर जे सगळ्यात उंच असतं ते डायमध्ये सगळ्यात खोल असतं, आणि खोल खड्ड्याच्या तळाला समोरची डाय टेकूच शकत नाही. व्हाइसमध्ये बरोबर याच्या उलट, दोन नाण्यांचे उंच भाग आधी एकमेकांना भिडतात. तुमच्याकडे अक्षरं सिंहाच्या आयाळीवर उमटलीयत. मला तेवढं पुरलं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. खूप वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मीच असलं एक अर्धं लखी घेतलं होतं, किती पैसे मोजले ते इथे लिहीत नाही कारण आमच्या घरी हे वाचतात. विकणारा गोड बोलणारा होता, मी डाय मेकर असूनही नाण्याकडे डाय मेकरच्या नजरेने बघितलंच नाही, हावऱ्याच्या नजरेने बघितलं. दुसऱ्या दिवशी टूलरूमच्या मायक्रोस्कोपखाली धरलं आणि तोंड उतरलं. मग कंपनीच्या कॅन्टीनची जुनी पितळी टोकनं घेतली (नाणं मुद्दाम मोडणं नाणे कायदा २०११ मध्ये बसत नाही, म्हणून टोकनं), एकावर एक ठेवून व्हाइसमध्ये आवळली, कधी चामड्याचा तुकडा घालून कधी नुसतीच. चामडं घातलं तर मागची बाजू बरी राहते पण उंच भागावरची चमक मरते. तेव्हापासून मी नाणं बघताना आधी चूक दिसते ती बाजू बघतच नाही, तिच्या पाठीमागची बघतो. ठगाचं लक्ष पुढे असतं, पाठ तो विसरतो.

दुसरं नाणं, चंद्रकोरीवालं. याला आपल्याकडे कट म्हणतात. पट्टी पुढे सरकताना कमी सरकली की पंच, म्हणजे चकती कापणारं हत्यार, आधीच्या भोकावर थोडा चढतो, आणि नव्या चकतीचा तेवढा घास आधीच गेलेला असतो. प्रेस शॉपमध्ये हे रोजचं आहे, फरक इतकाच की आमचा तसला वॉशर स्क्रॅपमध्ये जातो आणि टाकसाळीतली एखादी चकती नजर चुकवून पुढे जाते. त्यामुळे हा घास कसाही नसतो, तो गोलाईचा असतो आणि गोलाई साधारण त्याच चकतीच्या मापाची. दुसरा चांगला रुपया त्या खाचेत ठेवून बघा, बऱ्यापैकी बसला पाहिजे. (पट्टीच्या टोकाला पंच बसला तर कट सरळ रेषेतही येतो, तो वेगळा.)

मग घासाच्या बरोबर समोरची कड बघा. ती तिथे पातळ किंवा पुसट असेल तर फार चांगली खूण. याचं कारण असं, की ठोक्याच्या आधी चकतीची कड उचलायच्या मशिनमध्ये ती दोन बाजूंनी दाबली जात फिरते, आणि एका बाजूला तुकडाच नसला की समोरच्या बाजूला दाब कुठून येणार? नंतर कानस मारणाऱ्याला समोरची कड कमकुवत करायचं सुचत नाही. पण हे दरवेळी दिसेलच असं नाही, घास लहान असला तर फरक जाणवत नाही, त्यामुळे एवढ्यावरून खोटं ठरवू नका.

अजून एक, घासाजवळची अक्षरं. खऱ्या कटमध्ये तिथला धातू ठोक्याच्या वेळी मोकळ्या जागेकडे ओढला गेलेला असतो, अक्षरं तिकडे जाताना पसरट आणि अर्धवट होतात. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर शेवटपर्यंत ठणठणीत असतं आणि एकदम तुटतं, सुरीने केक कापल्यासारखं. आणि घासाची जाडीतली बाजू भिंगाखाली धरा. पंचने कापलेल्या धातूत वरचा थोडा भाग गुळगुळीत चमकदार असतो आणि खालचा खरबरीत तुटलेला, ठोक्यात ते थोडं दबतं पण बहुतेक वेळा ओळखू येतं. कानशीच्या एकसारख्या रेघा दिसल्या तर विषय संपला. तुमच्या फोटोत "रु" घासाकडे ओघळल्यासारखा वाटतोय, म्हणून म्हटलं जपून ठेवा. वजन करून कळवा, १९९२ पासूनचा हा २५ मिलिमीटरचा स्टीलचा रुपया पूर्ण असला तर ४.८५ ग्रॅम भरतो, जेवढा घास तेवढंच वजन कमी हवं.

तिसरं, दहाचं. पिवळं कडं आणि पांढरा गाभा हे वेगवेगळे तुकडे असतात, एकात एक ठेवून ठोकतात, दाबाने गाभा फुगतो आणि कड्यात घट्ट अडकतो. इथे एकच गोष्ट लक्षात घ्या, एका बाजूचं सगळं डिझाइन, कड्यावरचं आणि गाभ्यावरचं, एकाच डायने एकाच ठोक्यात उमटतं. त्यामुळे तुमच्या नाण्यात मधला सिंह आणि कड्यावरचे "भारत" नि "इंडिया" यांचं नातं टाकसाळीत बिघडूच शकत नाही. सिंह सरळ उभा धरा. डावीकडे "भारत", उजवीकडे "इंडिया", दोन्ही सारख्या उंचीवर आले पाहिजेत. सिंह कलला असेल तर गाभा नंतर निघालाय आणि कोणीतरी परत ठोकून बसवलाय. उलटून मागे बघा, तिथलं मधलं रुपयाचं चिन्ह पण तेवढ्याच अंशाने कललेलं असेल, कारण गाभा एकच तुकडा आहे.

पण सिंह सरळ आहे, अक्षरं जागेवर आहेत, आणि फक्त पांढऱ्या-पिवळ्याची हद्द एका बाजूला सरकलीय, म्हणजे पांढरा धातू एकीकडे कड्यावरच्या अक्षरांपर्यंत गेलाय आणि डिझाइन मात्र त्या हद्दीवरून बिनधास्त सलग गेलंय, तर ती खरी चूक. कड्याचं भोक मधोमध पडलं नव्हतं. तुमच्या फोटोत नाणं तिरकं धरलंय आणि वर ट्यूबलाइटचा पट्टा, त्यामुळे यातलं काय आहे ते मला खरंच कळत नाहीये.

जाता जाता, दहाच्या नाण्यावर दहा रेघा की पंधरा, रुपयाचं चिन्ह आहे की नाही, हा काही एरर नाही. त्यावरून दुकानदार नाणी घेईनात तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं की दहाच्या नाण्याची तोवर आलेली चौदाही डिझाइन्स चालतात.

आता बाकीचं थोडं, कारण या तिघांसोबत लोक अजून बरंच काही घेऊन येतात. सगळ्यात कामाचा नियम म्हणजे उठाव की खड्डा. नाण्यावर केसासारखी वर आलेली रेघ असेल तर डायला तडा गेला होता, तिथे धातू घुसला आणि वर आला. ही खरी गोष्ट, नंतर करणं फार अवघड. रेघ आत गेलेली असेल तर नव्वद टक्के वेळा तो ओरखडा. उरलेल्यात तार, कापडाचा धागा किंवा ग्रीस डाय आणि चकतीच्या मध्ये आलेलं असतं, त्याच्या कडा मऊ असतात आणि बाजूला धातू ढिगासारखा वर सरलेला नसतो. ओरखड्याच्या काठाला तो सरलेला असतो, नखाला लागतो. फक्त हुरळून जाऊ नका, तडा गेलेल्या डायचे स्टीलचे रुपये इतके आहेत की कुठल्याही दुकानाच्या गल्ल्यात सापडतील. खरी चूक आणि किमती चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यूट्यूबवाले सोयीस्कर विसरतात.

पातळ नाणं आलं की माझा पहिला प्रश्न, व्यास किती? पट्टीच पातळ होती असं म्हणायचं असेल तर व्यास पूर्ण पाहिजे, कारण कॉलर तीच होती, फक्त खोल डिझाइन नीट भरलेलं नसेल. पातळही आहे आणि व्यासही कमी, सगळीकडे सारखंच बोथट, चोखून टाकलेल्या गोळीसारखं, तर ते ॲसिडमधून निघालंय. ॲसिडला कॉलर माहीत नसते, ते कड पण खातं. याच्या उलट मोठं झालेलं, लांबट नाणं बहुतेक रेल्वेच्या रुळावरचं, आमच्या लहानपणी आम्हीही ठेवायचो आणि मार खायचो. कॉलर नसताना ठोकलेलं खरं नाणंही मोठं होतं पण त्यात मधलं डिझाइन धड असतं, फक्त कड गायब असते. रुळावरच्यात सिंहच ओढल्यासारखा लांब होतो.

रंग बदललेली नाणी तर विचारूच नका. तांबूस रुपया म्हणजे चुकीच्या धातूवर ठोकला असं लोक म्हणतात. चुंबक लावा. स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो, म्हणून तर नाशिकच्या रामकुंडावर पोरं दोरीला चुंबक बांधून पाण्यात सोडतात. तांबूस नाणंही तसंच चिकटलं आणि वजन ठीक भरलं तर वरचा रंग फक्त, मुलामा तरी दिलाय नाहीतर होळीच्या राखेतून निघालंय. नदीतल्या नाण्यांना बारीक खड्डे पडतात, तीही "एरर" म्हणून विकायला येतात.

पुढची आणि मागची बाजू एकमेकींशी फिरलेली, ज्याला रोटेशन म्हणतात, ती मात्र नंतर करताच येत नाही. आपलं आत्ताचं नाणं वरून-खालून दोन बोटांत धरून दरवाजासारखं फिरवलं तर मागची बाजूही सरळ दिसते. दहा-पंधरा अंशाचा फरक सोडून द्या, तो कोणी विचारत नाही, काटकोनात किंवा पूर्ण उलटं असेल तर बोला. अमेरिकेतून भाच्याने आणलेलं नाणं या पद्धतीने बघून घाबरू नका, त्यांच्याकडे मागची बाजू उलटीच ठेवायची रीत आहे.

आणि शिवराई. दर महिन्याला कोणीतरी फोटो पाठवतं की काका छाप मधोमध नाही, अक्षरं कापलेली, एरर आहे ना? अहो ती हातोड्याने ठोकलेली, कॉलर वगैरे नाही, डाय मोठी आणि तांब्याचा तुकडा लहान, छाप जेवढा बसला तेवढा बसला. तिथे पूर्ण छाप मिळणं हेच नवल. जुन्या चांदीच्या रुपयांवरचे छोटे छोटे ठसेही टाकसाळीतले नाहीत, ते सराफांनी चांदी तपासून मारलेले. इतिहास म्हणून मला ते आवडतात, पण एरर नाही.

एक जागा मात्र धूसर आहे, तेही मान्य करतो. अक्षरं डबल दिसतात तेव्हा बहुतेक वेळा डाय ढिली असते आणि ठोक्यानंतर जराशी सरकून अक्षराचा काठ चपटा करते, पायरीसारखा. हे झालंय टाकसाळीतच, म्हणजे नंतरचं डॅमेज नाही, तरीही संग्राहक त्याला किंमत देत नाहीत. डायवरच अक्षर दोनदा उठलेलं असेल तर दोन्ही छाप गोलसर आणि पूर्ण उंचीचे दिसतात. फोटोवरून या दोघांत मीही चुकलोय, एकदा नाही, बऱ्याचदा.

हे सगळं बघायला फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा, व्यास-जाडी मोजायला व्हर्निअर, चुंबक, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच प्रकारचं एक धडधाकट नाणं शेजारी ठेवायला. वजनात दोन-चार शतांश इकडेतिकडे झाले तर घाबरू नका, तेवढी सूट टाकसाळीलाच असते आणि झीजही होते. आणि कृपा करून चिंच, राखुंडी, टूथपेस्ट काही लावू नका. धुतलेल्या नाण्यावरच्या मूळ चमकेच्या रेषा जातात, आणि माझ्यासारखा माणूस नेमक्या त्याच बघतो.

विकायचं म्हणाल तर घाई नको. "तुमच्या नाण्याचे पाच लाख देतो, आधी रजिस्ट्रेशनचे दोन हजार पाठवा" असा फोन आला की ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावानेही असले फोन येतात, ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने स्वतः जाहीर केलंय की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि त्याची फी वगैरेही घेत नाही. तुमच्या दुकानदाराने तिन्ही नाणी एका नजरेत डॅमेज म्हटली हे मला पटलं नाही, पण निदान त्याने ती पाच-पन्नास रुपयांत मागितली नाहीत, तेवढा तो सरळ दिसतो.

आता एवढं करा. दहाचं नाणं टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवा, सिंह सरळ, दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी, मोबाइल बरोबर वरून धरून फोटो काढा. मग मागच्या बाजूचा तसाच. रुपयाचं वजन, घासाच्या समोरच्या कडेचा एक जवळून फोटो, आणि घासाची जाडीतली बाजू. दोन रुपयांचा अजून फोटो नको, तो डब्यातच राहू दे, आजोबांनी ठेवलाय म्हणजे त्यांनाही कोणीतरी गंमत म्हणून दिला असेल.